खानदेशातील शिकार : एक जुना हिशेब

चाळीसगाव सोडून कन्नडच्या रस्त्याला लागले, की डोंगरातला एक वळणावळणाचा घाट लागतो. कोणी त्याला कन्नडचा घाट म्हणतात, कोणी औट्रम घाट. ह्या बाजूच्या रानाला १९८६ साली अभयारण्य ठरविण्यात आले. सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे रान. त्याचे नाव ‘गौताळा औट्रमघाट अभयारण्य’. आता अभयारण्य म्हणजे काय? जिथे जनावराला अभय आहे ते रान. आणि हा औट्रम कोण? तर १८२५ ते १८३४ ह्या दहा वर्षांत खानदेशात ज्याच्या समक्ष १९१ वाघ पडले, तो इंग्रज अंमलदार. ही दोन्ही नावे एका पाटीवर लिहिताना कोणाला हसू आले असेल की नाही, देव जाणे.

पण त्या पाटीवरून एक प्रश्न मात्र खरोखर विचारण्यासारखा आहे. मोठ्या जनावरांची शिकार ही पहिल्यापासून पैशाची, माणसांची आणि गुराढोरांची नासाडी करणारी गोष्ट. हत्ती, घोडे, तंबू, बंदुका, हाका घालणारी शेकडो माणसे एवढा पसारा त्यात लागे. एवढा खर्च करून हाती काय आले? आणि तो खर्च खरोखरी कोणाच्या खात्यावर पडला? इतिहास शिकविणाऱ्या गुरुजींना मी सांगेन, की हा हिशेब आपल्या जिल्ह्यात बसून मांडता येतो, त्यासाठी आफ्रिकेला जायला नको.

मोगलाईपासून सुरुवात करू. अकबराने १६०१ साली असीरगड घेतला आणि खानदेश आपला धाकटा मुलगा दानियाल ह्याच्या हवाली केला. त्याच्या नावावरून आपल्या मुलखाला काही दिवस ‘दानदेश’ असेही म्हणत. ह्या शहाजाद्याला दोनच नाद, शिकार आणि दारू. शिकारीच्या एका आवडत्या बंदुकीचे त्याने मोठ्या हौसेने नाव ठेवले होते. अर्थ असा, की हिची गोळी ज्याला लागली तो थेट तिरडीवरच गेला. पुढे बादशहाने दारू बंद करविली, पहारे बसविले. तेव्हा नोकरांनी त्याच बंदुकीच्या नळीत भरून दारू आत नेली. नळीतला गंज त्या दारूत उतरला आणि १६०५ च्या सुमारास बऱ्हाणपुरास शहाजादा मेला. ही हकिकत त्याचा भाऊ जहांगीर ह्याने स्वतः लिहून ठेवली आहे. शिकारीच्या खर्चाची एवढी चोख वसुली दुसरीकडे कुठे झाली असेल असे वाटत नाही. असो.

राजेरजवाड्यांची शिकार ही मौजेची, पण तिला दरबारचे कामही होते. लष्कराची कवायत व्हायची, मुलखाची पाहणी व्हायची, रयतेला राजा दिसायचा. खानदेशात मात्र शिकारीला एक वेगळेच कारण मिळाले, आणि ते समजायला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभाकडे पाहिले पाहिजे.

१८०२ ते १८०४ ही वर्षे खानदेशाला फार वाईट गेली. होळकरांच्या फौजांनी मुलूख लुटला, त्यावर १८०४ चा दुष्काळ पडला. मागाहून पेंढारी आले. गावेच्या गावे उठली. ज्या काळ्या जमिनीत कापूस आणि ज्वारी उभी राहायची तिथे बाभळ, बोर आणि गवत माजले. माणूस हटला की रान पुढे सरकते आणि रानाबरोबर रानचे धनीही. हरणे आली, डुकरे आली, त्यांच्या मागोमाग वाघ आला. १८१८ साली इंग्रजांनी खानदेश घेतला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज धुळ्यास येऊन बसला, तेव्हा त्याच्या वाट्याला आला तो असा अर्धा ओसाड मुलूख. १८२२ सालच्या सरकारी नोंदीत वाघांनी पाचशे माणसे आणि वीस हजार गुरे मारल्याचे लिहिले आहे. आकडा गोल आहे, म्हणजे तो मोजून काढलेला नाही, अदमासाचा आहे. पण निम्मा धरला तरी अंगावर काटा येतो. शेतकऱ्याचा बैल गेला म्हणजे त्याचे वर्ष गेले. अहिराणीत ‘वाघ उना’ एवढे दोन शब्द उच्चारले की पोरेसोरे घरात पळत असतील आणि मोठी माणसे गोठ्याकडे धावत असतील, हे सांगायला कागद लागत नाही.

तेव्हा त्या काळी खानदेशच्या कुणब्याला कोणी विचारले असते, की बाबा, वाघाच्या शिकारीवर खर्च करावा का, तर त्याने काय सांगितले असते हे उघड आहे. आज आपण वाघ वाचवा म्हणतो ते बरोबरच आहे. पण त्या कुणब्याला आपल्या आजच्या चष्म्यातून पाहून नावे ठेवू नयेत.

अशा वेळी, १८२५ साली, बावीस वर्षांचा लेफ्टनंट जेम्स औट्रम खानदेशात आला. त्याला वाघ मारायला पाठविले नव्हते. त्याला पाठविले होते भिल्लांसाठी. सातपुड्यापासून सातमाळ्यापर्यंतचे भिल्ल नाईक सरकारला जुमानत नव्हते. त्यांच्यावर पलटणी पाठवून झाल्या होत्या; रानातल्या तापाने शिपाई अंथरुणाला खिळले, भिल्ल काही हाती लागले नाहीत. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्याने धोरण फिरविले. भिल्लांना जमिनी द्याव्या, तनखे द्यावे, आणि त्यांच्यातूनच एक पलटण उभी करावी असे ठरले. ती भिल्ल पलटण उभी करण्याचे काम औट्रमकडे आले. तिचे ठाणे पुढे धरणगावी होते, हे जळगावकडच्या मंडळींना ठाऊक असेल.

औट्रमने काय केले? पहारा न घेता तो नाईकांच्या वस्तीत जाऊन राहिला, त्यांच्याबरोबर दारू प्याला आणि त्यांच्याबरोबर शिकारीला गेला. सुरुवातीला अवघी पाच माणसे त्याच्याबरोबर यायला तयार झाली. पण जो साहेब पायी चालत वाघासमोर जातो, त्याच्यावर विश्वास टाकायला भिल्लांना फार दिवस लागले नाहीत. थोड्याच वर्षांत पलटण काही शेकड्यांवर गेली आणि जे कालपर्यंत रस्ते मारीत होते तेच रस्ते राखू लागले.

सरकारच्या वहीत पाहिले तर हा सौदा फार स्वस्तात पडला. एका तरुण अंमलदाराचा पगार, थोडा दारूगोळा, आणि तेवढ्यावर एक मुलूख शांत झाला. शिकार हे तिथे निमित्त होते, खरी कमाई माणसांची होती. म्हणून खानदेशातल्या शिकारीचा खर्च एकदा तरी फिटला असे कोणी म्हटले, तर ह्या दहा वर्षांपुरते ते मला मान्य आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. औट्रमचे चरित्र १८८० साली दोन खंडांत छापून निघाले. १९१ वाघ, पंचवीस अस्वले असे आकडे जगाला माहीत झाले. ज्या भिल्लांनी त्या वाघांचा माग काढला, नाल्यात उतरून हाका घातला, त्यांतल्या किती जणांची नावे आपल्याला सांगता येतील? माग काढणारा नसता तर साहेबाला वाघाची शेपटीही दिसली नसती.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. खानदेशातून वाघ हटविला तो बंदुकीने, असे आपण समजतो. मला तसे वाटत नाही. बंदुकीने शेकडो पडले हे खरे, पण वाघ हटला तो नांगराने आणि कुऱ्हाडीने. मुलूख शांत झाल्यावर उठलेली गावे पुन्हा वसली. पडीक जमीन लागवडीला आली. १८६० नंतर चाळीसगाव, जळगाव, भुसावळ ह्या वाटेने आगगाडी आली, तिच्या रुळांखाली घालायला लाकूड लागले, कापसाला भाव आला तशी बांधापर्यंत जमीन नांगरली गेली. वाघाला दबून बसायला झुडूपच उरले नाही. १८८० साली खानदेशचे गॅझेटिअर निघाले तोवर सपाटीवरचा वाघ जवळजवळ गेलेला होता. उरला होता तो सातपुड्यात आणि डोंगरांच्या आडोशाला. कुणब्यावरचे वाघाचे संकट कुणब्यानेच दूर केले, बक्षिसे मात्र शिकाऱ्यांनी घेतली.

आणि इथून पुढे शिकारीचे रूप पालटले. शेतकऱ्याला वाघापासून सोडविण्यासाठी आता शिकार नव्हती. आता ती होती साहेबाच्या रजेची करमणूक. उन्हाळ्यात पाणवठे आटले, की तंबू निघत. हे तंबू गावाजवळ पडले म्हणजे काय होई, ते जुन्या पाटलांच्या घरी विचारावे. कोंबड्या, अंडी, दूध, घोड्यांना वैरण, चुलीला सरपण, सारी सरबराई गावाने करायची. त्याचे पैसे साहेब देई, नाही असे नाही. पण साहेबाच्या हातातून निघालेला रुपया बटलर, शिपाई, कारकून अशी मजल दरमजल करीत कुणब्याच्या हाती यायचा तेव्हा त्याचा आणा झालेला असायचा. रात्री रानात रेडकू बांधायचे, ते कोणाचे? गावातल्याच कोणाच्या तरी गोठ्यातले. सकाळी हाका घालायला माणसे पाहिजेत, ती कोण? गावातली आणि पाड्यावरची. ऐन कामाच्या दिवसांत माणूस शेत सोडून डबा बडवीत रानातून चाले. मचाणावर बसलेल्याची गोळी नेमकी लागली तर ठीक. जखमी वाघ मागे फिरला, तर तो मचाणावर चढत नाही, हाका घालणाऱ्यांवर येतो.

साहेब घरी गेल्यावर आपल्या खर्चाची वही लिहीत असेल. इतके तंबूला, इतके काडतुसांना, इतके कातडे कमावणाऱ्याला. पण हाकाऱ्याच्या फाटलेल्या खांद्याचा आकडा त्या वहीत कुठल्या रकान्यात बसवायचा? शिकारीच्या खर्चाचा मोठा भाग असा वहीबाहेर राहिला, हे मला ह्या सगळ्या इतिहासातले मुख्य सूत्र वाटते.

इथे एका शिकारीचा अपवाद सांगितलाच पाहिजे, कारण ती आपल्या शिवेवर घडली. १८१९ सालच्या एप्रिल महिन्यात जॉन स्मिथ नावाचा मद्रास फौजेतला अंमलदार अजिंठ्याच्या डोंगरात वाघाच्या मागावर गेला, आणि वाघुर नदीच्या वळणावर समोरच्या कड्यात त्याला कोरीव लेणी दिसली. आसपासच्या लोकांना ती ठाऊक होतीच. जगाला ठाऊक झाली ती त्या दिवसानंतर. साहेबाने दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपले नाव आणि तारीख कोरली, ती अजून तिथे आहे. बोधिसत्त्वाच्या चित्रावर नाव कोरण्याची ही खोड आपल्याकडच्या सहलीच्या पोरांना कुठून लागली असे आपण विचारतो, त्याचे एक उत्तर इथे आहे. पण शिकारीतून देशाला काही अमोल लाभ झाला असेल तर तो हाच. त्या दिवशी वाघ मिळाला की नाही, हे कोणी विचारीतही नाही.

साहेबांचे पाहून संस्थानिकांनीही हात सैल सोडला. १९११ साली पाचवा जॉर्ज बादशहा दिल्ली दरबारानंतर नेपाळच्या तराईत शिकारीला गेला; दहा दिवसांत ३९ वाघ पडले. शेकडो हत्ती त्या एका मेजवानीसाठी गोळा केले होते. आपल्याकडे कोल्हापूर दरबारला चित्त्याकडून काळवीट धरविण्याचा फार शौक. पुढे हिंदुस्थानातला चित्ता मिळेनासा झाला, तेव्हा दरबाराने आफ्रिकेतून चित्ते विकत आणविले. विचार करा, आपल्या माळावरचा चित्ता संपला, तर तो जगवायचा सोडून समुद्रापलीकडून आणायचा आणि त्याच्याकडून उरलीसुरली काळविटे मारवायची! इतिहासकार महेश रंगराजन ह्यांनी १८७५ ते १९२५ ह्या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ऐंशी हजारांहून अधिक वाघ मारले गेल्याचा हिशेब काढला आहे. सरकारी बक्षीस मिळत असल्याने त्यातले पुष्कळ वाघ कातडे दाखवून पैसे नेणाऱ्यांनी मारले. सगळा दोष राजे आणि साहेब यांच्या माथी मारू नये.

स्वातंत्र्य आले तेव्हा हे थांबेल असे कोणाला वाटले असेल, तर तसे झाले नाही. मुंबई राज्याने १९५१ साली वन्यपशुपक्षी संरक्षणाचा कायदा केला. त्यात परवाना पद्धत होती. म्हणजे शिकार बंद नव्हती, फी भरून खुली होती. त्याच सुमारास नागपुरात ‘ॲलविन कूपर’ ही कंपनी मध्य भारताच्या रानात शिकारीच्या सहली काढू लागली. पुढे केंद्रात मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल ह्यांनी आपली सुरुवात ह्याच कंपनीतून केली. परदेशचे, विशेषतः अमेरिकेचे धनिक येत, डॉलर मोजत, वाघाचे कातडे घेऊन जात. देशाला परकीय चलनाची चणचण होती, तेव्हा ‘वाघ देऊन डॉलर येतो, वाईट काय?’ असे म्हणणारे पुष्कळ होते. म्हणणे अगदीच वेडगळ नव्हते. पण वाघ ही भांडवलाची वस्तू, व्याजाची नव्हे, हे त्या हिशेबात धरलेच नव्हते. कैलास सांखला ह्यांच्यासारख्या वनाधिकाऱ्यांनी ह्याविरुद्ध आवाज उठविला. १९७० च्या सुमारास वाघाची शिकार बंद झाली, १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. त्या वर्षीच्या गणतीत देशभर वाघ निघाले अवघे १,८२७. पुढच्या वर्षी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, त्याचे पहिले संचालक सांखलाच.

आता कोणी म्हणेल, तुम्ही जुनेच उगाळता. आज जगात नीट नियमाने शिकार चालते आणि तिच्या पैशावर जंगले राखली जातात. ह्यातही तथ्य आहे, ते टाळून चालणार नाही. पाकिस्तानात, चित्रळ आणि गिलगिटच्या डोंगरांत, मारखोर नावाचा पिळदार शिंगांचा रानबोकड आहे. त्याच्या शिकारीचे मोजके परवाने दरसाल लिलावाने विकतात. एकेका परवान्याला लाख डॉलरच्या वर किंमत आली आहे. त्यातला शंभरातला ऐंशीचा वाटा डोंगरातल्या गावांना मिळतो. शाळा, पाणी, दवाखाना ह्यांवर तो खर्च होतो, म्हणून गावकरीच चोरट्या शिकाऱ्याला पकडून देतात. मारखोरांची संख्या वाढली आहे. उलट झिम्बाब्वेत २०१५ साली एका अमेरिकन दंतवैद्याने सुमारे पन्नास हजार डॉलर देऊन सेसिल नावाचा सिंह मारला. त्या सिंहाच्या गळ्यात ऑक्सफर्डच्या संशोधकांचा पट्टा होता. त्यावरून जगभर गहजब झाला.

मग चित्रळचा उपाय सातपुड्यात का करू नये? माझे मत स्पष्ट आहे, करू नये. मारखोर उघड्या कड्यांवर दिसतो, म्हातारा नर ओळखून टिपता येतो. वाघाचे तसे नाही. आणि आपल्याकडे तो पुन्हा कुठे डोके वर काढू लागला आहे. शिवाय चित्रळमध्ये पैसा गावात पोचला म्हणून उपाय चालला. आपल्या मुलखात शंभर वर्षे शिकारी झाल्या; त्यांच्या पैशातून एखाद्या पाड्याला विहीर मिळाली असेल तर ती मला दाखवावी. ज्या वाटेने पैसा पूर्वी झिरपला नाही, ती वाट अजून तीच आहे.

मात्र ह्याचा अर्थ खर्च संपला असा नव्हे. शिकारीचा खर्च थांबला, वाघ जगविण्याचा खर्च सुरू झाला, आणि तोही पहिल्यांदा शेतकऱ्याच्याच दारी येतो. यावलच्या सातपुड्यात १९६९ साली अभयारण्य झाले. मुक्ताईनगरकडे वढोदा-डोलारखेड्याच्या शिवारात वाघ चक्क केळीच्या बागांत राहतो. गारवा आहे, पाणी आहे, डुकरे आहेत, त्याला आणखी काय हवे? पण पहाटे वीज आली म्हणून पाणी धरायला त्याच बागेत जाणाऱ्या सालदाराला विचारा. २०२२ च्या गणतीत महाराष्ट्रात ४४४ वाघ धरले आहेत. शहरातला माणूस हा आकडा वाचून आनंदतो, त्याचे काही जात नाही. ज्याची गाय जाते, त्याचे जाते.

फरक एवढा पडला आहे, की १८२२ साली ज्या कुणब्याचे बैल गेले त्याला ते परत मागायला जागा नव्हती. आज कायद्याने ती आहे. वाघबिबट्याने जनावर मारले, रानडुकरांनी किंवा रोह्यांनी पीक खाल्ले, तर शासन भरपाई देते. माणूस दगावला तर वारसांना द्यायची रक्कम राज्य शासनाने २०२३ साली पंचवीस लाख रुपयांवर नेली. ही रक्कम दया म्हणून मिळत नाही. वाघ सगळ्या देशाचा आहे, तर त्याच्या चाऱ्याचा खर्चही सगळ्या देशाने उचलावा, एवढेच त्यात आहे. गुरुजींनी शाळेत औट्रमचे १९१ वाघ सांगताना हेही सांगावे, आणि अर्ज कसा लिहावा तेही दोन पोरांकडून लिहवून घ्यावे. मारलेले जनावर जागचे हलवू नये, वेळ न दवडता वनरक्षकाला कळवावे, पंचनामा आपल्यासमोर करून घ्यावा. पुष्कळांची भरपाई बुडते ती उशिरा कळविल्याने.

२०२१ सालच्या मार्च महिन्यात यवतमाळच्या टिपेश्वर रानातून निघालेला एक तरुण वाघ मजल दरमजल करीत गौताळ्यात पोचला आणि वनखात्याने लावलेल्या कॅमेऱ्यात टिपला गेला. कित्येक वर्षांनी औट्रम घाटाच्या रानात वाघ आला होता. वनखात्याने आसपासच्या गावांत दवंडी दिली, की गुरे रानात खोल नेऊ नका आणि एकट्यादुकट्याने सरपणाला जाऊ नका.